सह्याद्रीत ताडपत्रीचा निवारा: कुठे कोणती गाठ मारायची

निवाऱ्याच्या गाठीला दोन कामं असतात. रात्रभर धरून ठेवायचं आणि सकाळी ओढताक्षणी सुटायचं. मुक्कामाला जाणारे बहुतेक लोक पहिल्याचीच काळजी करतात. एकावर एक चार गाठी मारतात, वर आणखी एक 'असू दे' म्हणून, आणि सकाळी त्या ओल्या निरगाठीशी आधी नखांनी, मग दातांनी, शेवटी सुरीने झगडतात. दर मुक्कामाला दोरी वीतभर आखूड होत जाते. शिवाय सोडायची वेळ सकाळीच येते असं नाही. मध्यरात्री वारा फिरला की याच गाठी अंधारात, गारठलेल्या बोटांनी सोडून पुन्हा माराव्या लागतात. म्हणून माझा निकष साधा आहे: टॉर्चशिवाय सोडता येत नाही ती गाठ निवाऱ्याला नको.

गाठींचे प्रकार शेकडो असले तरी ताडपत्रीला मोजक्याच लागतात. खाली दहा बाय दहा फुटांची ताडपत्री, दोन झाडं आणि दोन-तीन माणसं धरून चाललो आहे. झाडं नसली तर काय, तेही पुढे येईल. वनखात्याच्या हद्दीत किंवा संरक्षित गडावर मुक्काम चालतो का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.

आधी दोरी

गाठ धरते की सरकते, हे निम्मं दोरीवर ठरतं. ४ मिमीची पॅराकॉर्ड सगळ्यात सोयीची. अस्सल '५५०' दोरीत वेणीदार सालीच्या आत ७ धागे असतात आणि ती ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण घेते. स्वस्तातल्या दोऱ्यांमध्ये आतला भरणा कमी असतो, म्हणून घेतल्यावर एक टोक कापून आत बघा. नायलॉन ओलं झालं की ताणतं. संध्याकाळी टणटणीत आवळलेली दोरी पावसानंतर लोंबते ती यामुळेच, आणि दोष गाठीला दिला जातो. पॉलिस्टरची दोरी इतकी सैल पडत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी पाणी पीत नाही, पण ती गुळगुळीत आणि ताठ असल्यामुळे गाठी आपोआप ढिल्या होतात. उन्हात राहिली की तिचा भुसा पडतो. तीच असेल तर प्रत्येक गाठीला एक वेढा जास्त द्या आणि शेपूट लांब ठेवा. सुतळी नको. ती भिजल्यावर गाठ अशी बसते की सोडण्याची बातच नाही.

आढ्यासाठी, म्हणजे दोन झाडांमध्ये ताणून जिच्यावर ताडपत्री टाकायची त्यासाठी, १२ मीटरची एक दोरी, कोपऱ्यांना आणि बाजूंना ३ मीटरच्या सहा, आणि २ मिमीच्या बारीक दोरीचे मीटरभराचे दोन तुकडे घ्या. कापलेली टोकं लायटरने वितळवून बंद करा. वितळलेलं नायलॉन बोटाला चिकटून भाजतं, तेव्हा ते चिमटीने दाबायच्या फंदात पडू नका.

पुढे तीन शब्द वारंवार येतील. हातात असतं ते 'मोकळं टोक'. ज्या भागावर ओढ येते ती 'ताणाची बाजू'. आणि दोरी न तोडता मधेच दुहेरी केली की ती 'दुमड'. कोणत्याही गाठीत शेवटी टोक ओवायच्या ऐवजी दुमड ओवली की पायजम्याच्या नाडीसारखी सुरगाठ होते, शेपूट ओढलं की सुटते. निवाऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक गाठीचा शेवट असाच करायचा आहे.

पहिलं झाड: दोन वेढे, दोन अर्ध्या गाठी

झाड निवडताना वर बघा. वाळकी फांदी, आग्या मोहोळ, पानं जोडून केलेलं ओंबिलांचं घरटं यातलं काही दिसलं तर पुढचं झाड. आढ्याची दोरी कमरेच्या थोडी वर ठेवा. उंच आढ्याखाली उभं राहता येतं खरं, पण पाऊसही उभाच आत येतो.

दोरी खोडाभोवती दोनदा फिरवा. हे दोन वेढेच बहुतांश ओढ सोसतात, त्यामुळे पुढच्या गाठीवर जोर कमी येतो आणि ती रुतत नाही. आता मोकळं टोक ताणाच्या दोरीवरून घेऊन तिच्याखालून फिरवा आणि तयार झालेल्या फटीतून बाहेर काढा. ही अर्धी गाठ. तिच्यापुढे, त्याच दिशेने दुसरी अर्धी गाठ मारा, पण तिच्यात टोकाऐवजी दुमड ओवा. दोन्ही एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत. उलट फिरल्या तर गाठ वेडीवाकडी बसते आणि सुटताना अडते.

इथे बोलाईन (आवळत न जाणाऱ्या कडीची गाठ, ती पुढे येतेच) मारणारे बरेच आहेत. चालतं. पण बोलाईन ओढ असताना मारताही येत नाही आणि सोडताही येत नाही. वेढे मात्र ओढ असतानाही एकेक करून सैल सोडता येतात. वाऱ्यात ताडपत्री फडफडत असताना हा फरक फार मोठा वाटतो.

दुसरं झाड: ट्रकर्स हिच

सगळ्या निवाऱ्याचा जीव या गाठीत आहे. मालट्रकवर ताडपत्री आवळताना वापरतात ती हीच युक्ती: दोरीतच एक कडी करायची, टोक तिच्यातून परत फिरवायचं आणि दोरीलाच कप्पी बनवायचं. हिशेबाने ओढ तिप्पट होते. दोरी दोरीवर घासत असल्यामुळे प्रत्यक्षात त्यापेक्षा बरीच कमी मिळते, तरीही नुसत्या हातापेक्षा खूप जास्त.

१. दोरी दुसऱ्या झाडापर्यंत न्या. झाडाच्या साधारण दोन-तीन फूट अलीकडे दोरीला पीळ देऊन एक वळसा करा.

२. वळशात बोटं घालून झाडाकडच्या बाजूची दोरी दुमडीच्या रूपात आत ओढा आणि वळसा आवळा. कडी तयार झाली.

३. आता तपासा, कारण इथेच बहुतेकांची गाठ फसते. ताडपत्रीकडची दोरी ओढून बघा. कडी लहान होत गेली तर दुमड चुकीच्या बाजूने घेतली आहे. सोडा आणि पुन्हा करा. कडी तशीच राहिली आणि गाठ फक्त आवळली, तर बरोबर.

४. मोकळं टोक झाडाभोवती फिरवून परत आणा, कडीतून ओवा आणि पुन्हा झाडाकडे ओढा. आढं ताठ होताना दिसेल.

५. दोरी कडीतून वळते तिथेच चिमटीत घट्ट धरा. चिमूट न सोडता, कडीच्या लगेच पुढे मोकळ्या टोकाची दुमड करून एक अर्धी सुरगाठ मारा, तिच्यामागे आणखी एक.

सोडताना शेपूट ओढायचं. दोन्ही सुरगाठी सुटतात, टोक कडीतून बाहेर येतं, आणि मग नुसती दोरी ओढली की कडीही नाहीशी होते. मागे काहीच उरत नाही, म्हणूनच ही गाठ मला इतकी आवडते.

जोर हातात आला की माणूस ओढतच सुटतो. थोडं थांबा. ही गाठ अवजड मालाला पुरते, ताडपत्रीच्या आयलेटला, म्हणजे कडेच्या दोरी ओवायच्या कडी बसवलेल्या भोकाला, ती सहज भारी पडते. बोटाने दाबल्यावर आढं किंचित खाली जाऊन परत यावं, इतकाच ताण पुरे.

ताडपत्री आढ्यावर: प्रुसिक

कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये लोकांपुढे आणलेली ही गाठ दोरावरून वर चढण्यासाठी वापरतात. ओढ आली की पकडते, हातात धरून सरकवली की सरकते. आपल्याला नेमकं हेच हवं.

२ मिमी दोरीच्या तुकड्याची दोन्ही टोकं डबल फिशरमन गाठीने जोडून वर्तुळ करा. अख्ख्या निवाऱ्यात सुटायची गरज नसलेली ही एकमेव गाठ, घरीच मारून ठेवावी. हे वर्तुळ आढ्याच्या दोरीमागे धरा, त्याचा एक भाग दुसऱ्यातून ओवा, आणि तसाच आणखी दोनदा आढ्याभोवती फिरवून ओवा. तीन फेरे एकमेकांना चिकटून, न ओलांडता बसले पाहिजेत. फेरे एकमेकांवर चढले तर पकड जाते. बारीक दोरी आढ्याच्या दोरीपेक्षा बारीकच हवी. दोन्ही एकाच जाडीच्या असल्या तर गाठ नीट चावत नाही.

आढ्याची दोरी ताडपत्रीच्या खालून जाऊ द्या. प्रुसिकची उरलेली कडी कडेच्या मधल्या आयलेटमधून खालून वर काढा आणि तिच्यात पेन्सिलीएवढी काडी आडवी घाला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता दोन्ही प्रुसिक गाठीलाच धरून झाडांकडे सरकवा. ताडपत्रीचं आढं हवं तेवढं ताणलं जातं, आणि ती झाडांच्या बरोबर मध्ये नको असेल तर सगळंच डावी-उजवीकडे हलवता येतं. एकही गाठ न सोडता.

आयलेटला बोलाईन

कोपऱ्याच्या दोरीचं ताडपत्रीकडचं टोक. इथे ताण बदलायचा नसतो, फक्त आवळत न जाणारी कडी हवी. टोक आयलेटमधून काढून हातभर मोकळं घ्या. ताणाच्या बाजूवर एक लहान वळसा करा, असा की आयलेटकडे जाणारी दोरी वर राहील आणि ताणाची खाली. मोकळं टोक त्या वळशातून मागून पुढे काढा, ताणाच्या दोरीच्या मागून फिरवा आणि आलेल्या वाटेने त्याच वळशात परत घाला. शेपूट बोटभर नव्हे, चांगलं चार बोटं राहू द्या. ताण असेपर्यंत बोलाईन पक्की असते, पण सैल दोरी वाऱ्याने सारखी हलत राहिली तर ती उकलू शकते. म्हणून शेपटाची एक अर्धी गाठ कडीवर मारून टाका.

सुटताना तिचा मागचा वेढा अंगठ्याने ताणाच्या दोरीवरून पुढे ढकलला की गाठ मोडते. कितीही ताण येऊन गेला असला तरी.

खुंटीला सरकगाठ: टॉट लाइन हिच

रात्री बाहेर येऊन जिला हात लावायचा ती गाठ हीच, तेव्हा इथे वेळ द्या.

१. दोरी खुंटीभोवती फिरवून मोकळं टोक ताडपत्रीच्या दिशेने परत आणा. खुंटीपासून दोन फुटांवर काम करायचं आहे.

२. मोकळं टोक ताणाच्या दोरीभोवती दोन वेळा गुंडाळा. हे वेढे कडीच्या आतल्या बाजूने, खुंटीच्या दिशेने सरकत गेले पाहिजेत.

३. आता टोक त्या दोन्ही वेढ्यांच्या पुढे, ताडपत्रीच्या बाजूला आणा. तिथे त्याच दिशेने आणखी एक वेढा घ्या आणि शेवटी या वेढ्याखालून दुमड ओवा.

४. तिन्ही वेढे बोटांनी जवळ आणून आवळा.

गाठ हातात धरून ताडपत्रीकडे सरकवली की दोरी ताठ होते, खुंटीकडे सरकवली की सैल. हात काढला की जिथल्या तिथे. दोरी गुळगुळीत असेल आणि गाठ सरकत असेल तर आतला तिसरा वेढा द्या. डायनीमासारख्या चकचकीत दोरीवर ती तरीही फसवू शकते. तिथे खुंटीवरही ट्रकर्स हिचच बरी.

खुंटी ताडपत्रीपासून बाहेर झुकलेली हवी आणि दोरी तिच्या मुळाशी, जमिनीलगत. वर बांधली की खुंटी तरफेसारखी उपटली जाते.

खुंटी शिरत नसेल तर

आणि ती बहुधा शिरत नाहीच. माचीवर चार बोटं मातीखाली काळा कातळ लागतो, कोकणच्या सड्यावर जांभा. लोक मग दोरी थेट दगडाला गुंडाळतात. दगड घरंगळला की दोरी निसटते, नाही तर कातळाच्या धारेवर रात्रभर घासून तुटते.

त्यापेक्षा मनगटाएवढी, हातभर लांब काठी घ्या. दोरीचा वेढा दगडाऐवजी या काठीच्या मध्यावर घाला आणि वर सांगितलेली सरकगाठ मारा. काठी जमिनीवर आडवी ठेवा आणि तिच्या पुढे, म्हणजे काठी आणि ताडपत्रीच्या मध्ये, मोठा दगड दोरीच्या दोन्ही अंगांना टेकेल असा ठेवा. हवं तर दोन. ओढ आली की काठी दगडांना अडते, आणि गाठ मोकळी राहिल्यामुळे ती सरकवताही येते. कारवीची काटकी इथे मोडेल. वाळलेलं, जाड लाकूड बघा.

दगड उचलण्याआधी पायाने उलटा. खाली विंचू असतो. आणि गडावर असाल तर पडक्या तटाचा, जोत्याचा चिरा उचलून आणू नका. तो तीनशे वर्षं तिथे आहे, तुमच्या एका रात्रीसाठी तो हलायची गरज नाही.

झाडं नसतील तर ट्रेकिंगच्या दोन काठ्या आढ्याचे खांब होतात. काठीचं टोक आयलेटमधून वर काढा आणि त्या टोकावर दोरीची क्लोव्ह हिच चढवा: दोरीचे एकाच दिशेने दोन वळसे करायचे, दुसरा पहिल्याच्या मागे सरकवायचा, आणि जोडी टोकावर घालून आवळायची. तिथून दोरी पुढे जमिनीवरच्या काठी-दगडाकडे. क्लोव्ह हिच काठी फिरली तर ढिली होते, त्यामुळे दोन्ही टोकांच्या दोऱ्यांवर सतत ताण ठेवा.

फाटलेलं आयलेट, पुरेशी नसलेली दोरी

जुन्या ताडपत्रीचं आयलेट निघालेलं असतंच. लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कोपऱ्यापासून वीतभर आत ताडपत्रीखाली ठेवा, कापड त्याच्याभोवती गोळा करा आणि मानेशी क्लोव्ह हिच आवळा. खळ्यावर शेतकरी वर्षानुवर्षं असंच बांधतात, आणि खरं सांगायचं तर ते आयलेटपेक्षा जास्त ताण सोसतं.

दोन वेगळ्या जाडीच्या दोऱ्या जोडायला शीट बेंड. जाड दोरीची दुमड करा, बारीक दोरी खालून तिच्यात घाला, दुमडीच्या दोन्ही अंगांमागून फिरवा आणि स्वतःच्याच खालून दाबून काढा. दोन्ही शेपटं एकाच बाजूला आली की बरोबर. जाडीत फार फरक असेल तर मागचा फेरा दोनदा घ्या. शाळेत स्काउटमध्ये शिकवलेली रीफ नॉट इथे वापरू नका. ती बँडेज बांधायला उत्तम, दोऱ्या जोडायला वाईट.

वारा, पाऊस आणि बांधण्याचा क्रम

पावसाळ्यात सह्याद्रीवर वारा मुख्यतः नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. आढं त्याला आडवं, म्हणजे साधारण वायव्य ते आग्नेय, आणि वाऱ्याकडचं पाखं जमिनीपासून वीतभरच वर. उघडी टोकं वाऱ्याकडे नकोत. वळवाच्या दिवसांत मात्र पाऊस यायच्या आधी वारा कुठूनही उसळतो, तेव्हा दोन्ही पाखी खाली घ्या. कड्याच्या अगदी काठावर निवारा नकोच. नाणेघाटात पावसाळ्यात धबधबा उलटा वर उडताना पाहिला असेल, तोच वारा ताडपत्रीच्या खाली शिरतो.

आधी आढं, मग ताडपत्री, मग वाऱ्याकडचे दोन कोपरे, मग उरलेले. सगळ्या गाठी सैलसर मारून झाल्यावरच एकेक कोपरा ताणा. एकच कोपरा आधी टणक केला की उरलेल्यांचा आकार बिघडतो आणि मधे पाणी साठायला खळगा होतो. त्या खळग्यातलं पाणी मध्यरात्री एकदम अंगावर येतं. मधल्या आयलेटांच्या दोऱ्या बाहेर ताणल्या की खळगा जातो.

आढ्याच्या दोरीवरून पावसाचं पाणी ओघळत आत येतं. ताडपत्रीच्या कडेबाहेर चार बोटांवर, दोन्ही बाजूंना, सुती नाडीचा वीतभर तुकडा बांधून लोंबता सोडा. पागोळ्या तिथेच गळून जातात. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर फिरून सगळ्या सरकगाठी बोटभर वर सरकवा, पाऊस येऊन गेल्यावर पुन्हा. दोऱ्यांना पांढऱ्या कापडाची चिंधी बांधली की रात्री उठलेला माणूस अडखळत नाही.

या दोरीचा आणि या गाठींचा उपयोग ताडपत्रीपुरताच. ४ मिमीच्या दोरीवर कडा उतरायचा विचार कोणी बोलून दाखवला तर त्याला तिथेच थांबवा.

उतरवताना क्रम उलटा: वाऱ्याकडचे कोपरे सगळ्यात शेवटी. आधी सोडले तर वारा आत शिरून ताडपत्री तुमच्याच तोंडावर आदळते. कोपऱ्यांच्या बोलाईन सोडू नका, प्रत्येक दोरी आयलेटलाच ठेवून अंगठा आणि करंगळीभोवती इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळा आणि रबरबँड लावा. प्रुसिकही आढ्याच्या दोरीवरच राहू द्या. गोल गुंडाळलेली दोरी पुढच्या वेळी हमखास पिळून अडकते. घरी आल्यावर सगळं सोडून सावलीत वाळवा, आणि पावसाळ्याआधी एखाद्या संध्याकाळी खिडकीच्या ग्रिलला, दिवा घालवून, ट्रकर्स हिच आणि सरकगाठ मारून बघा.